फुजैरा : सामुद्रधुनीबाहेरचे बंदर

संयुक्त अरब अमिरातीतील सातपैकी सहा अमिरातींना आखाताचा किनारा लाभला आहे. फुजैरा ही एकच अमिरात अशी आहे की जिचा संपूर्ण किनारा पूर्वेकडे, ओमानच्या आखातावर आहे. दुबई, शारजा आणि अबुधाबी यांच्यापासून तिला हजर पर्वताच्या उघड्याबोडक्या रांगांनी तोडले आहे. या रांगांमुळे शतकानुशतके फुजैरा मागे राहिली आणि त्यांच्याच पलीकडे असल्यामुळे गेल्या चार-पाच दशकांत ती जगाच्या सागरी नकाशावर पुढे आली. दुबईतील मराठी कुटुंबांना फुजैरा ठाऊक असते ती बहुधा सुट्टीतल्या समुद्रकिनाऱ्यापुरती. व्यापारी जहाजांवर काम करणाऱ्यांना मात्र ती ठाऊक असते इंधन भरण्याची, खलाशी बदलण्याची आणि पुढच्या हुकमाची वाट पाहत नांगर टाकून थांबण्याची जागा म्हणून. या दोन ओळखींच्या मागे एकच भूगोल उभा आहे.

डोंगर आणि समुद्र यांच्यामधली पट्टी

नकाशा पाहिला की फुजैऱ्याचे स्थानमाहात्म्य लगेच ध्यानात येते. आखातातून बाहेर पडण्याचा सागरी मार्ग एकच, तो म्हणजे होर्मुझची सामुद्रधुनी. तिची रुंदी अगदी चिंचोळ्या ठिकाणी सुमारे ३३ किलोमीटर आहे. दुबईचे जबल अली बंदर या सामुद्रधुनीच्या आत आहे, फुजैरा बाहेर. फुजैरा बंदरापासून सामुद्रधुनी सुमारे ७० सागरी मैलांवर आहे. मुंबईहून वा सिंगापूरहून येणाऱ्या जहाजाला फुजैऱ्यास पोहोचण्यासाठी होर्मुझ ओलांडावी लागत नाही.

अमिरातीची भूमी सलग नाही. मधूनमधून शारजाचे प्रदेश येतात. दक्षिणेचे कल्बा आणि उत्तरेचे खोर फक्कन ही दोन्ही गावे फुजैऱ्याच्या शेजारची असली तरी शारजाच्या अखत्यारीत आहेत. आणखी उत्तरेला असलेले दिब्बा तर तीन सत्तांत विभागलेले आहे : एक भाग फुजैऱ्याचा, एक शारजाचा आणि एक ओमानचा. गाडीने तासाभराच्या प्रवासात सीमा कितीदा बदलल्या हे प्रवाशाच्या ध्यानातही येत नाही. इतिहास वाचताना मात्र ही गुंतागुंत लक्षात ठेवावी लागते, कारण या किनाऱ्यावरील प्रत्येक खाडी आणि प्रत्येक खिंड कधी ना कधी कोणाच्या तरी भांडणाचा विषय झालेली आहे.

सह्याद्रीच्या काळ्या कातळाची सवय असलेल्या मराठी डोळ्यांना हजर पर्वत ओळखीचा वाटतो आणि परकाही. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांनी घडला, तर हजर पर्वताचा मोठा भाग हा प्राचीन समुद्रतळ असून भूपट्टांच्या रेट्याने तो जमिनीवर चढून आला आहे. पृथ्वीवर समुद्रतळाचा खडक इतक्या विस्तृत प्रमाणावर उघडा पडलेली ठिकाणे थोडीच आहेत, म्हणून भूवैज्ञानिकांना या डोंगरांचे मोठे आकर्षण आहे. बांधकाम व्यवसायालाही ते आहे. येथील खाणींतून निघणारी कठीण खडी आणि दगड फुजैरा व दिब्बा येथून जहाजांनी परदेशी जातात. तेलाच्या आधीपासून आणि तेलाच्या बरोबरीने चाललेला हा या अमिरातीचा दुसरा मोठा उद्योग आहे.

किल्ल्यांचा किनारा

पाणी हे येथील जुन्या वस्तीचे कारण. ‘फुजैरा’ हे नाव उसळून वाहणाऱ्या पाण्याच्या अर्थाच्या अरबी धातूवरून आले असे सांगितले जाते. डोंगरातील झऱ्यांचे पाणी ‘फलज’ नावाच्या चरांतून खजुरीच्या बागांपर्यंत आणले जाई आणि पाळीपाळीने वाटले जाई. कोकणातील पाटाच्या पाण्याची ज्यांना आठवण आहे, त्यांना ही व्यवस्था वेगळी समजावून सांगावी लागत नाही. अमिरातीतील फलज परंपरेला युनेस्कोने २०२० साली मानवी वारशाच्या यादीत स्थान दिले.

दिब्बा हे प्राचीन काळी नावाजलेले बंदर होते. तेथील वार्षिक बाजारात सिंध, हिंद आणि चीनचे व्यापारी येत असत, अशी नोंद जुन्या अरबी ग्रंथकारांनी केली आहे. सोळाव्या शतकात या व्यापाराच्या वाटेवर पोर्तुगीज आले. १५०७ साली होर्मुझकडे जाताना अफोन्सो दि आल्बुकर्कने खोर फक्कन लुटून जाळले. याच आल्बुकर्कने तीन वर्षांनी, १५१० मध्ये, गोवा घेतले. पुढे या किनाऱ्यावरील पोर्तुगीज ठाण्यांचा कारभार गोव्याहूनच चाले. बिदिया गावी उत्खननात पोर्तुगीज किल्ल्याचे अवशेष मिळाले आहेत. वसई, चौल आणि गोवा यांना जोडणाऱ्या सत्तेच्या साखळीचीच ही एक कडी होती. ओमानच्या यारुबी इमामांनी सतराव्या शतकाच्या मध्यास ही साखळी तोडली आणि १६५० साली मस्कत पोर्तुगीजांच्या हातून गेले. वसईवर मराठ्यांचा झेंडा लागायला त्यानंतर ८९ वर्षे जावी लागली.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आले तेही मुंबईहून. १८१९ च्या अखेरीस मुंबईहून निघालेल्या आरमाराने रास अल खैमा पाडले आणि १८२० मध्ये किनाऱ्यावरील शेखांशी सागरी तह झाले. पुढे अनेक दशके या भागाचा राजकीय कारभार मुंबई सरकारकडे होता. फुजैऱ्यातील शार्की घराणे मात्र दीर्घकाळ शारजाच्या कासिमी शेखांच्या छायेत होते. विसाव्या शतकाच्या आरंभी शेख हमद बिन अब्दुल्ला अल शार्की यांनी स्वतंत्र वागण्यास सुरुवात केली, पण ब्रिटिशांनी ते स्वातंत्र्य मान्य केले नाही. १९२५ साली रॉयल इंडियन मरीनच्या ‘लॉरेन्स’ या नौकेने गुलामगिरीच्या एका तक्रारीवरून फुजैऱ्याच्या किल्ल्यावर तोफा डागल्या आणि त्याचे बुरूज पाडले. मागितलेला दंडही रुपयांत होता, कारण या किनाऱ्याचे चलन तेच होते.

मान्यता मिळाली ती तेलामुळे. भूगर्भात तेल शोधण्याचे करार करावयाचे तर कोणत्या जमिनीचा धनी कोण हे आधी ठरणे आवश्यक होते. १९५२ साली ब्रिटनने फुजैऱ्यास स्वतंत्र शेखशाही म्हणून मान्य केले. तोवर तहाने बांधलेल्या राज्यांत हे सर्वांत शेवटचे. गंमत अशी की ज्या तेलाच्या आशेने ही मान्यता आली ते तेल फुजैऱ्याच्या जमिनीत निघालेच नाही. उत्पन्नाची साधने इतकी तुटपुंजी होती की १९६४ ते १९७२ या काळात जगभरच्या संग्राहकांसाठी छापलेली रंगीबेरंगी टपाल तिकिटे हाही कमाईचा एक मार्ग झाला. आपल्याकडील अनेकांच्या जुन्या तिकीटवह्यांत ‘फुजैरा’ हे नाव त्या निमित्ताने शिरलेले असेल.

२ डिसेंबर १९७१ रोजी संयुक्त अरब अमिरात स्थापन झाली तेव्हा फुजैरा तिच्या सहा संस्थापकांपैकी एक होती. १९७४ पासून शेख हमद बिन मोहम्मद अल शार्की हे तेथील राज्यकर्ते आहेत. त्याच दशकात डोंगरांतून पक्का रस्ता आला आणि पश्चिम किनाऱ्याशी नित्याचे दळणवळण सुरू झाले. त्यापूर्वी वादी हामच्या खडकाळ पात्रातून उंट-गाढवांच्या सोबतीने जावे लागे, नाहीतर गलबताने लांबचा वळसा घालावा लागे.

बंदर कसे वाढले

फुजैरा बंदराचे बांधकाम १९७८ मध्ये सुरू झाले आणि १९८३ मध्ये ते पूर्णपणे कार्यान्वित झाले. तो काळ इराण-इराक युद्धाचा होता. आखातात तेलवाहू जहाजांवर हल्ले होऊ लागले, आत जाणाऱ्या जहाजांचे विम्याचे दर भडकले आणि अनेक जहाजे फुजैऱ्यासमोरच्या समुद्रात थांबून परिस्थितीचा अंदाज घेऊ लागली. थांबलेल्या जहाजाला इंधन लागते, गोडे पाणी लागते, भाजीपाला, सुटे भाग, डॉक्टर आणि नवे खलाशी लागतात. या गरजा पुरविणारा व्यवसाय येथे उभा राहिला. युद्ध १९८८ मध्ये संपले, व्यवसाय टिकला.

या व्यवसायाचा कणा म्हणजे बंकरिंग, अर्थात जहाजांना इंधन पुरविणे. छोटी इंधनवाहू जहाजे बंदरातील टाक्यांतून तेल घेऊन नांगर टाकलेल्या मोठ्या जहाजांच्या कुशीला लागतात आणि नळ्यांनी इंधन भरतात. मोठ्या जहाजाला धक्क्याला लागावे लागत नाही, त्यामुळे वेळ आणि बंदरशुल्क दोन्ही वाचतात. सिंगापूर आणि रॉटरडॅम यांच्या जोडीने फुजैऱ्याची गणना जगातील सर्वांत मोठ्या इंधनपुरवठा केंद्रांत होते. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाचे प्रमाण आंतरराष्ट्रीय नियमाने ०.५ टक्क्यावर आणले गेले, तेव्हा येथील टाक्यांची आणि शुद्धीकरणाची सारी व्यवस्था त्यानुसार बदलावी लागली.

बंदरामागे पसरलेल्या पांढऱ्या टाक्यांच्या रांगा हे शहराचे सर्वांत ठळक दृश्य होय. येथे किती तेल साठले आहे याची आकडेवारी २०१७ पासून दर आठवड्याला जाहीर होते आणि जगभरचे तेलव्यापारी तिची वाट पाहतात. २०१६ मध्ये बंदरात अतिविशाल तेलवाहू जहाजांसाठी स्वतंत्र धक्का सुरू झाला.

मात्र फुजैऱ्याचे महत्त्व एका टप्प्यात वाढविले ते नळाने. अबुधाबीच्या वाळवंटातील हबशान येथून डोंगर पार करून फुजैऱ्यापर्यंत सुमारे ४०० किलोमीटर लांबीची तेलवाहिनी घालण्यात आली. जुलै २०१२ मध्ये तिच्यातून आलेले तेल प्रथमच जहाजावर चढले. ते जहाज पाकिस्तानातील तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी होते. रोज १५ लाख पिंपे वाहून नेण्याची या वाहिनीची मूळ क्षमता आहे. अबुधाबीचे मुरबान जातीचे तेल पूर्वी सामुद्रधुनीच्या आतील जबल धन्ना येथूनच जात असे, त्याला आता दुसरी वाट मिळाली. मार्च २०२१ मध्ये मुरबान तेलाचे वायदे अबुधाबीच्या नव्या बाजारात सुरू झाले आणि त्यांच्या प्रत्यक्ष सुपुर्दगीचे ठिकाण म्हणून फुजैऱ्याची निवड झाली. ज्या भूमीत तेलाची एकही विहीर नाही तेथे तेलाचा भाव बांधला जाऊ लागला. याशिवाय डोंगराच्या पोटात खोदलेल्या तीन गुहांत ४ कोटी २० लाख पिंपे तेल साठविण्याच्या प्रकल्पाचा करार २०१९ मध्ये झाला.

बंदरासोबत इतर गोष्टीही आल्या. विमानतळ आणि मुक्त व्यापार क्षेत्र दोन्ही १९८७ सालची. दिब्ब्याचा सिमेंट कारखाना त्याही आधीचा. किद्फा येथील वीज आणि पाण्याचे प्रकल्प समुद्राचे पाणी गोडे करून डोंगरापलीकडे पाठवितात. २०११ च्या अखेरीस दुबईहून येणारा शेख खलिफा महामार्ग खुला झाला आणि दोन शहरांतील प्रवास दीड तासाच्या आत आला. २०२३ मध्ये मालवाहू रेल्वेही डोंगरातील बोगद्यांतून किनाऱ्यापर्यंत पोहोचली.

सुरक्षिततेची किंमत

फुजैऱ्याचा सारा व्यवहार ‘आपण सामुद्रधुनीच्या बाहेर आहोत’ या एका वाक्यावर उभा आहे. परंतु बाहेर असणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे. १२ मे २०१९ रोजी फुजैऱ्यासमोर उभ्या असलेल्या चार जहाजांना स्फोटांनी भोके पडली. त्यांतील दोन सौदी, एक नॉर्वेचे आणि एक अमिरातीचे होते. महिन्याभराने ओमानच्या आखातात आणखी दोन तेलवाहू जहाजे पेटली. जी जागा संकटाला वळसा घालण्यासाठी निवडली गेली तीच अशा प्रकारे लक्ष्य होऊ शकते, हे त्या वेळी स्पष्ट झाले. शिवाय तेलवाहिनीची क्षमता मर्यादित आहे. अबुधाबीच्या समुद्रातील विहिरींचे तेल, कतारचा वायू, कुवेत आणि इराकच्या दक्षिणेचे तेल यांना फुजैऱ्याचा उपयोग नाही, त्यांना होर्मुझमधूनच यावे लागते. त्यामुळे फुजैरा हा सामुद्रधुनीला पर्याय नसून एका देशाच्या एका हिश्शासाठीचा राखीव मार्ग आहे.

दुसरी किंमत समुद्र मोजतो. शेकडो जहाजे ज्या पाण्यात इंधन घेतात त्याच पाण्यातून पिण्याचे पाणी तयार होते, त्याच पाण्यावर मासेमारी चालते आणि त्याच पाण्यात पर्यटक प्रवाळ पाहण्यासाठी बुडी मारतात. जहाजांच्या टाक्या चोरून धुतल्याने डांबराचे गोळे किनाऱ्याला लागण्याच्या तक्रारी येथे जुन्या आहेत. २००७ च्या जूनमध्ये गोनू चक्रीवादळाच्या लाटांनी किनारा आणि प्रवाळ दोन्ही झोडपले. त्यानंतर २००८-०९ मध्ये सूक्ष्म शैवालाच्या ‘लाल भरती’ने मासे आणि प्रवाळ मारले आणि पाणी गोडे करणारे प्रकल्प बंद ठेवण्याची वेळ आणली. जुलै २०२२ च्या अखेरीस फुजैरा बंदराच्या मापकावर २५५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कोकणात हा श्रावणातला एखादा दिवस ठरला असता. पावसाची सवय नसलेल्या या डोंगरांतून ते पाणी कोरड्या नद्यांच्या पात्रांनी शहरात उतरले आणि अमिरातीच्या या पूर्वेकडील भागात सात जणांचा बळी घेऊन गेले. मृत सर्व आशियाई स्थलांतरित होते.

नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांवरच्या माणसांची गणना मात्र कोणत्याही साप्ताहिक आकडेवारीत येत नाही. या जहाजांवर भारतीय अधिकारी आणि खलाशी मोठ्या संख्येने असतात आणि त्यांत कोकण किनाऱ्यावरील घरांतले तरुणही असतात. किनाऱ्याचे दिवे दिसत असूनही अनेकांना या भूमीवर पाऊल ठेवता येत नाही. करार संपला, विमानाचे तिकीट आले आणि बोट धक्क्याला लागली, तरच फुजैरा त्यांच्यासाठी शहर होते. एरवी ते केवळ नकाशावरचे एक थांबण्याचे ठिकाण असते.

काय पाहावे

*फुजैऱ्याचा किल्ला.* सोळाव्या शतकातील हा मातीचा आणि दगडाचा किल्ला शहराच्या जुन्या भागात एका खडकावर उभा आहे. १९२५ च्या तोफांनी ढासळलेले बुरूज या शतकाच्या आरंभापर्यंत चाललेल्या जीर्णोद्धारात पुन्हा उभे राहिले. शेजारच्या संग्रहालयात परिसरातील उत्खननांतून मिळालेल्या वस्तू आहेत. किल्ला पाहताना सह्याद्रीतील दुर्गांशी तुलना करण्याचा मोह आवरावा. येथे उंचीपेक्षा खजुरीच्या बागेवर आणि पाण्यावर नजर ठेवणे महत्त्वाचे होते.

*बिदियाची मशीद.* अमिरातीत आजही नमाजासाठी वापरात असलेली ही सर्वांत जुनी मशीद मानली जाते. तिचा काळ पंधराव्या शतकापर्यंत मागे नेला जातो. चार ओबडधोबड घुमट आणि त्यांचा भार पेलणारा मधला एकच खांब, एवढीच ही वास्तू. मागच्या टेकडीवरील टेहळणी बुरुजांवरून एका बाजूला खजुरीच्या बागा आणि दुसऱ्या बाजूला जहाजांनी भरलेला समुद्र दिसतो. फुजैऱ्याची पाचशे वर्षे एका नजरेत पाहण्याची ही जागा आहे.

*शेख झायेद मशीद.* २०१५ मध्ये खुली झालेली ही शुभ्र मशीद अमिरातीतील दुसऱ्या क्रमांकाची मोठी मशीद आहे. अंग झाकणारा पोशाख आवश्यक.

*बिथना आणि हायल.* वादी हाममधील बिथनाचा किल्ला पश्चिमेकडून येणाऱ्या वाटेची राखण करी. हायलचा वाडा डोंगरांच्या कुशीत असून तेथील शांतता हेच त्याचे आकर्षण आहे.

*बैलांची टक्कर.* हिवाळ्यात शुक्रवारी दुपारनंतर समुद्राजवळच्या मैदानात दोन बैल डोके लावून एकमेकांना रेटतात. येथे माणूस बैलाशी लढत नाही आणि मारण्याचा हेतू नसतो. मागे हटणारा बैल हरतो. गोव्यातील ‘धिरयो’ किंवा तळकोकणातील झुंजी ज्यांनी पाहिल्या वा ऐकल्या आहेत त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. गोव्यात न्यायालयाने १९९६ मध्ये त्यावर बंदी घातली. हा खेळ पोर्तुगीजांबरोबर आला असे येथे काहीजण मानतात.

*अल अका आणि वादी वुरैया.* अल अकाच्या किनाऱ्यासमोर ‘स्नूपी’ नावाने ओळखले जाणारे खडकाळ बेट आहे. त्याच्या भोवतीच्या उथळ पाण्यात मासे आणि कासवे पाहता येतात. वादी वुरैया हे २००९ मध्ये संरक्षित झालेले पर्वतीय क्षेत्र असून बारमाही पाण्यामुळे त्याला २०१० मध्ये रामसर दर्जा मिळाला. संवर्धनासाठी तेथील प्रवेश बंद ठेवण्यात आला होता, त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी करणे इष्ट.

*मसाफीचा बाजार.* जुन्या रस्त्याने गेल्यास मसाफीजवळ रस्त्याच्या दुतर्फा गालिचे, मातीची भांडी, रोपे आणि फळे विकणारा बाजार लागतो. नाव ‘शुक्रवारचा बाजार’ असले तरी तो रोज भरतो. घासाघीस अपेक्षित आहे.

जाणाऱ्यांसाठी

नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. जाताना महामार्गाने आणि येताना मसाफीच्या जुन्या रस्त्याने आल्यास डोंगरांची दोन्ही रूपे दिसतात. पावसाचा इशारा असताना वादीत उतरू नये. आकाश निरभ्र असले तरी वरच्या बाजूचे पाणी काही मिनिटांत येऊन थडकते. बंदर आणि तेलसाठ्यांचा परिसर पर्यटकांना खुला नाही आणि तेथे छायाचित्रे घेण्यास मनाई आहे.

बंदर बाहेरूनच पाहावे लागत असले तरी त्यात उणे काही नाही. संध्याकाळी समुद्रकाठच्या रस्त्यावरून पाहिले तर क्षितिजावर दिव्यांची एक लांबच लांब ओळ पेटलेली दिसते. प्रथम पाहणाऱ्यास ते पलीकडच्या किनाऱ्यावरचे गाव वाटते. प्रत्यक्षात ती थांबलेली जहाजे असतात. ही ओळ किती लांब आहे यावर आखातातील शांततेचा आणि तेलाच्या बाजाराचा अंदाज बांधणारे लोक जगात पुष्कळ आहेत. त्या प्रत्येक दिव्याखाली घरापासून दूर असलेली वीस-पंचवीस माणसे आहेत, एवढे ध्यानात ठेवले तरी फुजैऱ्याची सहल निव्वळ समुद्रस्नानाची राहत नाही.